चिंचखिंडीतली येसू

ऐका. आणि मधी कुणी हसायचं न्हाई. ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो.

माझा थोरला भाऊ केरबा. त्याची बायको हौसा काविळीनं तालुक्याच्या दवाखान्यात पडलेली. त्याआधी आठ दिस घरी ठकूबाई वैदिणीची मुळी चाललेली, ताकात उगाळून. डाक्तरनं इचारलं, "घरी काय दिलंत?" केरबा म्हनला, "काय न्हाई." का? तर त्याच डाक्तरनं झाडपाल्यावरनं एका म्हाताऱ्याला चारचौघांत झापलेलं. बरं, खोटं बोलून गप बसावं का न्हाई? तर दवाखान्यातबी चोरून मुळी चालूच. हौसा रोज जास्तच खचत चाललेली, आणि डाक्तरला कारण सापडंना.

मुळी संपली. केरबा अंधार पडल्यावर ठकूबाईकडनं नवी घेऊन दवाखान्याकडं निघाला. रीत अशी, की मुळी रोग्याच्या हातात पडेस्तवर आणणाऱ्यानं तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. बोललं की गुण जातो.

आला चिंचखिंडीत. मागनं बाईचा आवाज. "दादा, मला काय दिलं व्हतं?"

केरबा गप. चालतोय.

मग आवाज म्होरनं. मग डाव्या अंगानं. मग बघतो तर चिंचेच्या फांदीला सलाईनची बाटली टांगलेली, थेंब थेंब गळतीय, आणि खाली पोपटी लुगड्यातली पोरगी बसलेली. डोळं हळदीगत पिवळं.

ती येसू, आमच्याच गावची सून. ऐकताय न्हवं? वीस वर्सांमागं दवाखान्यातनं परत आणताना त्या खिंडीत बैलगाडीतच गेली. तिलाबी दवाखान्याचं आणि झाडपाल्याचं, दोन्ही औषधं चालू व्हती. आणि सासऱ्यानं डाक्तरम्होरं भंडारा उचलून सांगितलेलं, काय दिलं न्हाई म्हनून.

केरबा पळाला. तर आता हौसाच्या आवाजात, "अवं, मला काय दिलंत?" आणि पाठीवर वजन. कुणीतरी बसलेलं. गार बोटं गळ्याभोवती. श्वास अडला, गुडघं टेकलं, तरी ह्यो बाबा मुळीचा गुण जाईल म्हनून गप. काय म्हनावं असल्या माणसाला?

अगदी डोळ्यांम्होरं काळोख आला तवा तोंड उघडलं. "मुळी दिली. रोज दिली. चोरून दिली."

वजन उतरलं. मागं कुणी न्हाई.

थेट दवाखान्यात गेला आणि डाक्तरला उठवून सगळं सांगितलं. डाक्तर आधी भडकला, मग गपकन खाली बसला. "हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मुळी बंद केली. चार दिसांनी हौसानं पेज मागितली.

मी ठकूबाईला जाब इचारायला गेलो. तर म्हातारी माझ्यावरच उखडली. "तिला दवाखान्यात ठेवलीया, हे मला कुणी सांगितलं? मी इचारलं तर केरबा म्हनला, घरीच हाय, बरी हाय. सुई चालू असताना मी मुळी देती व्हय?"

म्हंजे दोन्ही शहाणी माणसं अंधारात, आणि मधी आमची हौसा मरायला टेकलेली.

तवा चिंचखिंडीनं जाऊ नका. लांबून जा, पण तिकडनं न्हाई. येसू अजून तिथंच बसलीया. आणि तिचा सासरा हितं पारावर बसतो. काल मी त्याला सगळ्यांदेखत इचारलं, तिला काय दिलं व्हतं? तंबाखू मळत म्हनला, "काय न्हाई."