कपडे कुठे आहेत?

कौल झाला की त्यावर तोंड उघडायचं नाही — हा आमच्या घरातला नियम, मामा, तो आधी सांगते आणि मग तुम्ही विचारलंत त्याच्याकडे येते. का उघडायचं नाही, असंही विचारायचं नाही. तुम्ही निलेशभावोजींचे मामा असलात तरी जन्म डोंबिवलीत गेला, तुम्हाला हे ठाऊक असेल-नसेल — देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडे नि डावीकडे, घरातल्या मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. संपलं. गेल्या सोमवारी असाच घेतला — अक्षयाच्या जागी संचिताला द्यायची का? उजवा पडला. अक्षया म्हणजे माझी थोरली बहीण, तुमची भाचेसून, जाऊन दहा महिने झाले. संचिता म्हणजे मी. मला नाही विचारलं, देवाला विचारलं. तुम्ही मात्र आज आल्या आल्या, चहा हातात घ्यायच्या आधी म्हणालात, पोरीशी दोन शब्द बोलू द्या. पहिले तुम्ही. म्हणून तुमच्याशी कॉलेजात बोलते तसं नीट बोलतेय. ह्या तिघांशी बोलून झालंय माझं — आई, बाबा, आणि ते दाराशी खुर्ची टाकून बसलेत ते लवूकाका. आमचं गाऱ्हाणं तेच घालतात. आवाज चांगला आहे त्यांचा.

आणि दोन शब्द काय, तर — टीव्हीवर काय बघतेस? नाही, ओशाळू नका. स्वयंपाक येतो का असं विचारायची आता लाज वाटते माणसांना, मग टीव्हीचं विचारतात. पण तुम्ही नकळत चांगलंच विचारलंत. मी तशी बघत नाही हो. लावलेला असला तर जेवता जेवता डोळा जातो, तेवढंच. ती खुनाची मालिका लागते ना दुपारी, आदल्या रात्रीचा भाग पुन्हा दाखवतात — ती आईची. म्हणजे आई लावते आणि झोपते, आणि मी पुस्तक मांडीवर घेऊन बघत बसते. बघण्यासारखं काही नसतं. इन्स्पेक्टर घरात शिरताना काळा चष्मा काढत नाही, आणि बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी ह्याचे केस उडतात! कुणी म्हणालं 'मला काही माहीत नाही' की तीन बाजूंनी तीनदा तोंड दाखवतात त्याचं. एकदा कोकणातलं गाव म्हणून दाखवलं, तर सगळ्या बाया नऊवारीत नि नाकात नथ — भांडी घासताना नथ! मी हसले तर आई जागी होऊन म्हणाली, गप गो, माका ऐकाक येना नाय. झोपेत ऐकते ती. आई, पदर ओढू नको माझो. मामांनी विचारल्यानी म्हणून सांगतंय.

तर परवा एक भाग लागला. जुना. मी बघितलेला, अर्धा. एका बंगल्यात सून गच्चीवरून पडून मरते. घरचे सगळे म्हणतात, कपडे वाळत घालायला गेली होती, पाय घसरला. सासू म्हणते पाय घसरला, नवरा म्हणतो पाय घसरला, मोलकरीणसुद्धा म्हणते पाय घसरला, आणि सगळे एकाच सुरात म्हणतात, आरती म्हटल्यासारखे. पोलीस येतात, लिहून घेतात, निघतात. तो चष्मेवाला तेवढा गच्चीवर उभा राहतो. कठड्याकडे बघतो, खाली बघतो, इकडेतिकडे बघतो — संगीत वाजायला लागतं — मग मागे वळतो आणि काहीतरी विचारतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते ऐकूच आलं नव्हतं. परवा ऐकलं. एवढंच विचारतो तो — कपडे कुठे आहेत?

बस. कपडे कुठे आहेत! दोरीवर एक कपडा नाही, बादली नाही, चिमटा नाही. शाळेतलं पोर विचारेल असा प्रश्न. मी एरवी हसले असते — पाऊण तास घालवला आणि हे विचारलंस? पण मला हसू नाही आलं, मामा. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला. कारण तुमच्या भाच्याच्या विहिरीवर मोटर आहे.

माहीत आहे ना तुम्हाला? देवगडला कलमांच्या बागेत उतरताना डाव्या हाताला, अक्षया जिच्यात सापडली ती. सात वर्षं झाली मोटर बसवून, अक्षयाच्या लग्नाआधीपासूनची, बटण पडवीत. पहाटे टाकी भरते ती संध्याकाळपर्यंत पुरते. त्या विहिरीवर कळशी घेऊन कोण जातं? मला आम्ही पोचलो तेव्हाचं आठवतं, तिला अजून अंगणात आणलंही नव्हतं, आणि मला भोवळ आली म्हणून कुणीतरी पाणी दिलं — चुलीपाशी कळशी होती, तिच्यातलं. काठोकाठ भरलेली होती. आणि तेच माणूस तोंडाने सांगत होतं, पाणी आणायला गेली नि पाय घसरला. मी ते पाणी प्यायले हो. प्यायले, आणि दहा महिने मला काही सुचलं नाही. घरात माणूस मेलं आणि शहाणपण शिकवायला तो केस उडवणारा यावा लागला.

थांबा. तुमच्या भाच्याने काही केलं असं मी म्हणत नाही. तोंड उतरलं तुमचं, म्हणून आधीच सांगते. मला माहीत नाही. घसरलीही असेल. स्वतःहून गेली असेल. तेच तर सांगतेय — मला माहीत नाही, ह्या घरात कुणालाच माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही कुणाला. काकानू, मधी बोला नकात. गेल्या सोमवारी तुम्ही बोललास, मी ऐकलंय. आज तुम्ही ऐका.

तेव्हाही कौलच घेतला होता. तिसऱ्या दिवशी. पोलिसांना जबाब द्यायचा होता, काका म्हणाले देवाला विचारूया. मी देवळाबाहेर पायरीवर बसले होते, मांडीवर जानकी — अक्षयाची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. काकांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. तुम्हाला म्हणून दाखवते, पाठ आहे मला — 'बा देवा म्हाराजा! झाला ता झाला. ह्या हंयच मिटवन घराची अब्रू राखूची आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!' आणि सगळे एका सुरात, व्हय म्हाराजा! जानकीपण म्हणाली, तिला गंमत वाटली. उजवी पाकळी पडली. बाबांनी जाऊन सही केली, आमचा कुणावर संशय नाही. मामा, त्या देवाला मी दोष देत नाही. त्याला विचारलं काय? मिटवू का. अक्षया कशी गेली, हे त्याला विचारलंच नाही कुणी! अहो, त्या मालिकेतला टिनपाट इन्स्पेक्टर विचारतो, आणि आमची जाणती माणसं देवासमोर हात जोडून उभी राहतात नि नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं विचारतात. का? डावा पडला तर काय, म्हणून. हो ना, बाबा?

आणि त्याआधी, शिमग्याला — ती आली होती. आठ दिवस राहिली. चुलीपुढे बसून राहायची, जानकीला जवळ घेऊन. एकदा मला म्हणाली, 'संचू, माका थंय परत जावचा नाय.' मी आईला सांगितलं, आईने बाबांना. नवव्या दिवशी बाबांनी तिला तळेऱ्याला नेऊन गाडीत बसवलं. तेव्हा नाही लावला कौल. तेव्हा देवालासुद्धा विचारायची गरज वाटली नाही.

पण मी तरी काय मोठी... नाही, हे मला सांगायचं नव्हतं. तुम्ही चहा घ्या ना. निवतोय.

तो भाग अर्धाच का बघितला होता, ते विचारलं नाहीत तुम्ही. दहा महिन्यांपूर्वी, मंगळवार, दुपारी. आई इथेच आडवी झालेली. तो गच्चीवर उभा होता, कठड्याकडे बघत होता, संगीत वाढत होतं, आणि माझा फोन वाजला. अक्षया. मी कापला. मनात म्हटलं, दोन मिनिटं गो बाई, आता कळणार आहे कोणी मारलं ते. पुन्हा वाजला. मी पुन्हा कापला, आणि लिहून पाठवलं, 'मागाहून करतंय.' ते लिहायला मान खाली घातली ना, तेवढ्यात तो विचारून मोकळा झाला आणि जाहिराती सुरू झाल्या. फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात. ती मी पूर्ण बघितली. मग लावला मी फोन, वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं, रागावली. साडेचारला काकांचा फोन आला.

आई, अशी बघू नको माझ्याकडे. नाही सांगितलं, म्हणून काय झालं? कुणाला सांगू? कौल झाला होता ना, तोंड उघडायचं नव्हतं. मीपण तोंड मिटून बसले, मला बरंच पडलं ते — खरंच सांगते, मामा, बरं पडलं. सगळे पाय घसरला म्हणत होते, मीही म्हणाले. घसरलाच असला तर मग त्या दोन फोनांना काही अर्थ उरत नाही ना. जुना फोन अजून कपाटात आहे, चार्ज करून ठेवते. दोन वाजून बेचाळीस, दोन वाजून त्रेचाळीस. काय सांगणार होती ती? कदाचित काही नाही. कदाचित, आंबे पाठवते म्हणाली असती.

रडत नाही मी. धूर आहे आत.

आता माझं उत्तर. नाही. मी त्या घरात लग्न करून जाणार नाही. त्या टाकीतलं पाणी पिणार नाही, तिचं मंगळसूत्र मोडून माझं करू देणार नाही, आणि 'जानकीला आई हवी' हे मला पुन्हा कुणी ऐकवायचं नाही. तिला आई होती. तिला इथे आणा, मी सांभाळीन, एम.ए. करत करत सांभाळीन, ती मोठी झाली आणि तिने विचारलं तर निदान मला माहीत नाही एवढं तरी खरं सांगीन. कौल मोडला म्हणायचं असेल तर म्हणा. काय गो आई? पावणे काय म्हणतले? पावण्यांनाच तर सांगतेय.

आणि मोडत पण नाही मी. नीट लावूया. आज सोमवार आहे, गुरव देवळातच असेल, तीन मिनिटांची वाट. काकानू, उठा. बाबा, चपला घाला. गाऱ्हाणं मी घालतंय, तुम्ही मागसून फक्त व्हय म्हणा, नेहमी म्हणतास तसा. इथेच म्हणून दाखवते, म्हणजे देवळात चुकायला नको — 'बा देवा म्हाराजा! ह्या घरातली थोरली लेक, अक्षया, पाय घसरान पडली आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी. आणि डावो पडलो, तर ता ऐकून घेवची ताकद ह्या घराक दी रे म्हाराजा!'

म्हणा.

काकानू?

बाबा... आई, तू तरी.

— बघितलंत, मामा? सगळ्या गावात ऐकू जाणारा आवाज आहे काकांचा.

राहू द्या तो कप, साय धरलीय. तळेऱ्याहून पाचची गाडी आहे तुम्हाला, निघा तुम्ही. हे काही आता बोलायचे नाहीत.