आठ पिंपं पिवळी भुकटी

— तो कागद आत ठेवा साहेब. शुद्धता नव्याण्णव टक्क्यांच्या वर, हे मला ठाऊक आहे, तो कागद मीच छापून घेतो. पण शुद्धता काय चाटायची आहे? तुमच्या कारखान्यात रंग वाळवताना जो उग्र धूर निघतो, तो भट्टीत जाळायला तुम्ही माझी ही पिवळी भुकटी नेता — सीरियम ऑक्साइड म्हणता तुम्ही लोक, मोठ्या रुबाबात — आणि आता म्हणता धूर जळत नाही, आजूबाजूचे लोक खोकतात, आणि तपासावं तर माल तोच. बसा. पंख्याखाली बसा, पाणी घ्या. गुणवत्ता अधिकारी म्हणे! एवढं कॉलेज करून आलात, आणि सातवी नापास माणसाने तुम्हाला शिकवायचं.

अहो, कणात आहे काय हे विचारून काय होतंय, कणाचं अंग कसं आहे ते विचारा. काम करतो तो फक्त वरचा थर. आतले सगळे तुमच्या हेड ऑफिससारखे — जागा अडवून बसलेले, धुराशी कधी गाठ नाही. आणि वरचेही सगळे सारखे नसतात. आमची भुकटी म्हणजे बारीक बारीक काड्या — डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तुमचा विश्वास नाही, ते सोडा — त्या काड्यांच्या अंगावर ऑक्सिजन सैल बसलेला असतो. धूर आला की तो सुटतो, धुराला जाळतो, आणि रिकामी झालेली जागा हवेतून पुन्हा भरून घेतो. त्याच काड्यांचे गोळे होऊ द्या, की ऑक्सिजन असा घट्ट बसतो की हलायचं नाव नाही. सीरियम तेवढंच, कागद तोच, आणि काम? शून्य.

कुठे शिकलो म्हणजे? या खुर्चीत बसून. बरं, थोडं मुलीने सांगितलं. मागच्या खोलीत तपासणी तीच बघते ना — माहीतच आहे तुम्हाला, मालाच्या दाखल्यावर तिची सही आहे म्हणून तिचा तपासणीचा परवाना रद्द करायला निघालात. वा! चूक तुमच्या भट्टीवाल्याची आणि परवाना माझ्या मुलीचा. त्याने आच वाढवली असणार, दुसरं काय. आठशे अंशांवर एक दुपार ठेवलं की काड्या एकमेकींना चिकटतात, कडा जातात, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं सगळं गुळगुळीत —

काय? तुमची भट्टी साडेचारशेच्या वर जातच नाही?

मग नसेल जात. आठशे मी आपलं बोलायला म्हणून बोललो.

असे बघू नका. गोदामातला पाइप फुटला, पिंपांत पाणी शिरलं, मी काय करू? तुमचा ट्रक दारात, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. आणि ही म्हणते, बाबा, ट्रेमध्ये पसरून एकशेवीसवर तीन दिवस वाळवू. तीन दिवस! असा चालतो धंदा? पलीकडच्या गल्लीत टाइलवाला दोस्त आहे, त्याच्या भट्टीत संध्याकाळच्या आत सगळा माल कोरडा ठणठणीत. रंगात फरक नाही, वजनात फरक नाही. हिने तिच्या त्या काचेच्या नळीत चिमूटभर घातली, धूर सोडला, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा माल मेला." माल कधी मरतो का? पेन टेबलावर ठेवून गेली निघून.

मग काय, दाखला नको होता तुम्हाला? दाखल्याशिवाय तुमचा ट्रक हलतो? आता सहीचं एवढं काय घेऊन बसलात. तिच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं मी सह्या केल्या, तेव्हा तिने नाही विचारलं कुणाची म्हणून. बापाने एकदा तिच्या कागदावर केली, तर —

तुम्ही लिहून घेताय?

कधीपासून?

आणा ती वही इकडे. — नको, राहू द्या. तुमच्याकडेच ठेवा. तिचं नाव तेवढं खोडा आधी. नीट खोडा हो, खाली अजून वाचता येतंय. खोडताही येत नाही तुम्हाला, आणि निघालात गुणवत्ता तपासायला. हां. आता पुढे माझं लिहा.

उठा. ती जेवून येईल एवढ्यात, आणि हे तिच्यासमोर मला पुन्हा सांगायचं नाही.