ट्रंकेतलं पिस्तूल

रिटायर फौजदार आमच्याकडं चहाला जमले की आपापल्या पहिल्या पिस्तुलाच्या बढाया मारतात. आमचे हे तेवढे गप्प बसतात, म्हणून मीच सांगते.

भूकंपानंतर आम्ही लातूरकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. यांचं नवं पिस्तूल ट्रंकेत, आणि मी त्याच ट्रंकेवर घट बसवलेले.

“अगं, आज साहेबांची तपासणी हाय. नोकरी जाईल माझी.”

“देवी बघून घेईल. दसऱ्यापर्यंत घट हलवायचे न्हाईत.”

शेवटी यांनी कमरेच्या पिस्तुलाच्या पाकिटात माझ्या उपवासाचं केळ कोंबलं.

साहेब म्हणाले, “हत्यार दाखवा.”

यांनी केळ काढलं. “साहेब, ट्रंकेवर घट बसलेत.”

साहेबांचाही उपवास होता. त्यांनी केळ सोलून शांतपणे खाल्लं.

“पुरावा संपला. दसऱ्यापर्यंत ठाण्यातलं हत्यार वापरा. आणि उद्या दोन केळी आणा.”