कलम सतरा

पण मला सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? वकिलावर? अहो, तो करार लिहायचे पैसे घेतो आणि करार मोडला की भांडायचेही घेतो! बसा, त्या डब्यावर बसा, रंग वाळलेला आहे. म्हणून हा भाडेकरार मी स्वतः लिहिला. बावीस वर्षं रंगाचं दुकान चालवतोय, गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं की हा उधारी मागणार — मग वरच्या खोलीचे चार कागद लिहिता येणार नाहीत? वाचा, सावकाश वाचा. एकेका कलमामागे एकेक भाडेकरू आहे. कलम चार, भिंतीला खिळा ठोकू नये — तो फोटोवाला. कलम नऊ, न्हाणीघरात गाऊ नये — ती बँकेतली बाई. आवाज गोड होता हो, पण आमची मंडळी दूध उतू जाईस्तोवर ऐकत उभी राहायची. कलम अकरा, मालक केव्हाही खोली पाहायला येईल... काय म्हणता, कायद्यानं आधी कळवावं लागतं? अहो, खोकतो की मी जिन्यात!

सतरा? नेमकी तिथंच बरी नजर गेली तुमची. ते सोडा — बरं, सांगतो. एक औषधं विकणारा होता, वीजबिल थकवून किल्लीसकट पसार झाला. त्या रागात मी लिहिलं, ‘अनामतीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय भाडेकरूने खोली सोडू नये.’ आणि त्याखालीच, कलम अठरा, ‘भाडे फक्त मुदतीपुरते लागू राहील’ — म्हणजे मुदत संपली की नवा करार, नवं वाढीव भाडं. डोकं चालवलं होतं की नाही? चालवलं होतं. पण दोन्ही कलमं मी वेगवेगळी वाचली, आणि शिवणकामवाल्या ताईंनी एकत्र वाचली.

ती खडखड ना? त्यांचं मशीनच ते. हो, त्याच खोलीत. अहो, रिकामीच समजा! मुदत संपून चार महिने झाले, ताई जायला एका पायावर तयार आहेत. बाजारात दुकानाला जागाही बघितलीय, पण तिथला मालक उद्यापर्यंतच थांबणार, आणि तिथं भरायची रक्कम, म्हणजे त्यांची अनामत, अडकलीय माझ्याकडे. म्हणतात, शेठ, हिशेब द्या, या घडीला जाते. भाडं मागायला गेलो तर कलम अठरावर बोट ठेवतात! तक्रार घेऊन भाड्याच्या कचेरीत गेलो — मीच गेलो हो, त्या नाही — तर तिथले साहेब इतके हसले की शिपायाला बोलावून त्यालाही करार वाचून दाखवला. म्हणाले, शेठ, बाकीचं काही टिकणार नाही, पण ही दोन कलमं तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलीत, ती टिकतील.

हिशेब का देत नाही? देतो की! थोडी कपात आहे, इतकंच. भिंतींच्या रंगाची. थोडी म्हणजे... अर्धी अनामत. नाही, रंगवल्या नाहीत अजून. डाग? डाग कसले, आरशासारख्या ठेवल्यात ताईंनी. — असं बघू नका हो माझ्याकडे. उरलेली अर्धी इथंच आहे, दुकानात, मालाच्या रूपात. भाव चढणार म्हणून भरला आणि भाव बसला. आता तुम्ही अनामत दिलीत की ती त्यांना, त्या खाली उतरल्या की तुम्ही वर, आणि तुम्ही जाल तेव्हा तुमची... तेव्हाचं तेव्हा बघू ना!

अहो, सही? पेन उघडलंत आणि सही नाही? आधी त्यांचा हिशेब, मग तुमची सही? वा, भाऊ! अजून राहायला आला नाहीत तोच मालकाला अटी? ... थांबा, उठू नका. महिनाभरात सहा जण बघून गेले, तुम्ही एकटेच शेवटच्या पानापर्यंत आलात. — आणि खरं सांगू? माझ्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उलटवून शिवून दिल्या ताईंनी, या चार महिन्यांत, एक पैसा न घेता. रोज त्यातलाच एक शर्ट घालून मी वर भाडं मागायला जायचो.

हा घ्या कागद. माझ्या हातानं नको, मी लिहायला बसलो की कपात आपोआप येते. तुम्ही लिहा. माल मी संध्याकाळपर्यंत पडेल भावानं काढतो. फक्त एवढं करा, भाऊ, प्रामाणिकपणे लिहा — रंगाच्या ओळीत माझी भीड धरू नका. शून्य घाला.