पटावर एकच नाव

शिक्षणाने गावाचा विकास होतो, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. मग जानेफळला मी खामगावच्या एसटीत बसलो. पुढच्या बाकावर पंजाबराव नावाचे गृहस्थ शेजारच्या जनकाबाईंना आपल्या गावच्या शाळेबद्दल सांगत होते.

“दोन खोल्यायच्या शाळेतून तीन इंजिनिअर, एक डॉक्टर अन् एक फौजदार निंगाला, बाई!”

“अरे बाप्पा! दोनच खोल्या?”

“त्यातली एक गळते. मी शाळा समितीचा अध्यक्ष हावो. सगळ्यायचे नावं पेंटरकडून भिंतीवर लिहून घेतले. भिंत पुरली नाही!”

“धन्य हाय हो तुमचं गाव! येतात का थे गावात?”

“काऊन येतीन? इंजिनिअर पुण्यात, डॉक्टर नागपुरात. त्यायचे लेकरं बी तिकडंच.”

“मंग आता शाळेत कोण हाय?”

“आमची नात, सारिका.”

“अन्?”

“सारिकाच. पटावर एकच नाव हाय. थे गेली का शाळेले कुलूप.”

“एवढ्याशा पोरीवर अख्खी शाळा उभी! भाऊ, जपा तिले.”

“जपूनच तं राह्यलो. खामगावच्या इंग्लिश शाळेत नाव टाकाले चाललो. दाखला खिशात हाय.”

“काय सांगता! अन् कुलूप?”

“सोमवारी. किल्ली अध्यक्षाजवळ राहीन, गुरुजी म्हणले.”

“दाखल्यावर शाळा सोडाचं कारण काय लिवलं?”

“‘पुढील शिक्षणासाठी.’”

“लय हुशार दिसते पोरगी. कितवीत हाय?”

“दुसरीत.”