सुरतेतलं पाणी

सुंदरा : कुसुम आज सकाळी अमळनेरहून आली. नळावर भेटली. म्हणते, आपल्या गावात एक गारसुद्धा पडलेली नाही.

निंबा : तिच्या गल्लीत नसेल पडली.

सुंदरा : गहू खळ्यावर उघडा पडलाय म्हणे. आणि तुम्ही सांगत होता, गारपीट झाली, तारा तुटल्या, फोन लागत नाही.

निंबा : मार्चचं काय खरं आहे? इथं घामानं जीव जातो, तिथं लोक गोधड्या घेऊन झोपतात.

सुंदरा : ती मयतीला गेली होती. माझ्या मायच्या.

(निंबा हातातला जेवणाचा डबा खाली ठेवतो.)

निंबा : कुसुमनं सांगायला नको होतं.

सुंदरा : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

निंबा : तुझ्या भावाचा, योगेंद्रचा फोन आला होता मिलवर, माझ्यासोबत काम करणाऱ्या सचिनला. माय आजारी आहे म्हणाला. मग परवा पुन्हा आला.

सुंदरा : आणि तुम्ही घरी येऊन जेवलात.

निंबा : गायत्रीची बोर्डाची परीक्षा चालू आहे. तू गेली असतीस, तर पोर घरात एकटी. मी बारा तास पाळीवर. सोमवारी शेवटचा पेपर झाला की सांगणारच होतो.

सुंदरा : प्लेगात आपण सुरतेतून पळालो, तेव्हा गाव आपल्याला वेशीच्या आत घेत नव्हतं. मायनं हाताला धरून घरात नेलं. तुम्हालाही.

निंबा : विसरलो नाही मी.

सुंदरा : योगेंद्रनं विचारलं नाही, बहीण का येत नाही?

निंबा : विचारलं.

सुंदरा : काय सांगितलंत?

निंबा : सुरतेत अवकाळी पाऊस झालाय. उधना स्टेशनात पाणी भरलंय, गाड्या बंद आहेत.

सुंदरा : त्यानं मानलं?

निंबा : यंदा कुठं काय पडेल, कोण सांगणार? नाशकाकडे द्राक्षं गेली. मानलं त्यानं.

सुंदरा : तरीच. कुसुम म्हणाली, माय शेवटपर्यंत एकच विचारत होती, सुरतेतलं पाणी उतरलं का. मला वाटलं, तापात बरळत असेल.

निंबा : सुंदरा, माझं चुकलं.

सुंदरा : जिन्यात गायत्रीचा आवाज येतोय. तोंड धुऊन घ्या. पेपर होईपर्यंत तिला कळू देऊ नका.

निंबा : आणि सोमवारी?

सुंदरा : सोमवारी मी गावाला निघते. तिला तुम्ही सांगा. कसं सांगायचं ते तुम्हाला येतं.