निळ्या काठाची शाल

थांबा जी, ते निळ्या काठाची शाल नका उचलू. पयले माह्या गोष्टीचा शेवट वळखा, मंग घेऊन जा — नाई वळखनार, पैज लावतो. कालेजात अर्थशास्त्र शिकवता म्हनलं ना? मंग बसाच.

इथी वडस्याच्या कालेजात गुणवंत सर होते, एमेच्या वर्गाले अर्थशास्त्र शिकवाले एकटेच. माही नातीन नाहीद त्यायच्याच वर्गात. एक दिस तोंड पाडून आली — म्हने दादा, युनिव्हर्सिटीवाले समद्या कालेजायच्या अर्थशास्त्राचे नंबर लावून राह्यले, ज्याच्या सराले सन्मान जास्त तो वर, तळाले राह्यला त्याचं एमे बंद. अन् आमच्या सराले सन्मान किती? एक नाई. शिकवे झकास, पन शिकवल्याचा सन्मान कुठी भेटते जी?

मंग काय केलं मी? दुकान शालीचं, थंडीत रोज कुठी ना कुठी झाडीपट्टीचं नाटक, अन् पडदा उघडाच्या आधी पाहुन्याचा सत्कार ठरलेलाच. नाटकवाले आपले दोस्त. आज या गावी, उद्या त्या गावी — सर लाजे, मी मागून ढकलू. शाल मातर एकच, हेच — फोटो निघाला का खांद्यावरून काढून परत दुकानात. फुकट कोन देते?

नंबर लावाले युनिव्हर्सिटीची समिती आली. सत्कार करनारा म्हून मलेबी बोलावलं. त्यातली एक बाई फोटो पाहे अन् पाहे. म्हने, 'समद्या फोटोत शाल एकच काऊन?' नाहीद खिडकीत उभी, ओढनी दातात धरून. मी म्हनलं, 'बाई, आमच्या झाडीपट्टीत मानाची शाल एकच असते. ज्याचा मान मोठा, त्याच्याच खांद्यावर फिरून फिरून येते.' बाईनं लिहून घेतलं ना, बाप्पा.

पयला नंबर आला — पार नागपूरवाले मागं. पेढे वाटले मी. आता वळखा बरं पुढं काय. नाई ना? अहो, पयल्या नंबराच्या सराले वडस्यात कोन राहू देते? मोठ्या कालेजानं उचलून नेला नागपूरले. सर नाई तं एमे नाई, वर्गाले कुलूप. अन् अल्ताफ — माहा पोरगा, तिचा बाप — म्हने पोट्टी शिकाले एकटी नागपूरले जानार नाई. मी बोललो त्याले. आयकत नाई तो.

हसा ना जी, हसाचीच गोष्ट हाये. तुमचाबी नंबर लागून राह्यला, म्हून शाल पायजे — व्हय ना? चेहऱ्यावरूनच समजलं.

किंमत? मले नका इचारू. दुकानाच्या पडद्यामागं शालीले गोंडे बांधून राह्यली, ते नाहीदच. तिले इचारा.